मंगलवृषभाचे खूर

फार पूर्वी वेणुमती नगरीत उदयसेन राजा राज्य करीत होता, तेव्हा बोधिसत्त्वाने एका गवळ्याच्या गोठ्यात बैलाचा जन्म घेतला होता. अंगाने पांढराशुभ्र, म्हणून त्याचे नाव पडले धवल. दिवसभर खडकाळ माळावर चरावे, उन्हे उतरली की झऱ्याचे पाणी प्यावे, असे त्याचे छान चालले होते. मग त्याच्यावर राजाची नजर पडली, आणि ते सुख संपले.

त्या नगरीत अशी रीत होती की पेरणीपूर्वी राजाने स्वतः नांगर धरून शेतात पहिले तास, म्हणजे नांगराची पहिली रेघ, घालायचे. जुवाच्या डाव्या अंगाला कोणाचाही बैल चाले. उजव्या अंगाला मात्र मंगलवृषभच हवा. तो मान धवलला मिळाला. गळ्यात घुंगरमाळ, पाठीवर झूल आणि राहायला राजवाड्याचे अंगण!

राणी खेमावतीचा तर त्याच्यावर जीवच जडला. ती रोज आपल्या हाताने त्याला तुपातली खीर भरवू लागली. राणी खीर देते म्हटल्यावर सेनापतीच्या बायकोने लाडू आणले, आणि तिने लाडू आणले म्हटल्यावर सारी नगरी गूळ-तांदूळ घेऊन लोटली. येणारा प्रत्येक जण आधी बैलाच्या पायांवर पाणी घाली, मग नमस्कार करी. ते अंगण कधी वाळले म्हणून नाही. माळावर नेले तर हा मळेल, या काळजीने राखणदार धम्मिलने त्याला फिरवणेच बंद केले. त्यातून मंगलवृषभाच्या अंगाला लोखंड लागू द्यायचे नाही, असा जुना दंडक होता. त्यामुळे खूर वाढले तरी कोणी ते कापले नाहीत. त्यांची टोके मोजड्यांसारखी वर वळली. लोकांना ती फारच शोभिवंत वाटली.

हे बरे नव्हे, हे बोधिसत्त्वाला कळत होते. पण खीर घेऊन आलेला हात मागे सारणे त्याच्या जिवावर येई. शिवाय खीर उत्तम असे, हेही लपवण्यात अर्थ नाही.

पेरणीचा दिवस तोंडावर आला आणि एके सकाळी धवल उठेना. धम्मिलने पाठीवर थोपटले, शेपटी चोळली, "ऊठ रे राजा, ऊठ रे धवल्या," म्हणून विनवण्या केल्या. धवलने एक पाय टेकवला आणि लगेच उचलून घेतला. खूर हाताला भाजतील इतके तापले होते आणि त्यांच्या बेचक्यांतून कुजका वास येत होता.

राजा धावत आला. मागोमाग राणीही आली, खिरीचे पातेले घेऊन.

"धम्मिला, राज्याचं मंगल तुझ्या हाती सोपवलं होतं," राजा गरजला. "काय करून ठेवलंस हे?"

"महाराज, मी तर ह्याला उन्हातसुद्धा जाऊ दिलं नाही हो," धम्मिल रडकुंडीला आला.

"बहाणे नकोत. बायकामुलांना घे आणि आजच्या आज राज्याबाहेर हो. धवल मात्र इथंच राहील. त्याला मऊ गादी घाला. जन्मभर त्याला काही कमी पडू देऊ नका."

धम्मिलने खाली मान घातली. या अंगणाबाहेर त्याला घर नव्हते. बोधिसत्त्वाने त्याच्याकडे पाहिले, मग पातेल्याकडे पाहिले. त्याच्या मनात आले, "मी गप्प राहिलो तर मला गादी आणि खीर, आणि या भल्या माणसाला वनवास. अशी खीर माझ्या घशाखाली कशी उतरेल?" आणि जन्मात पहिल्यांदाच तो माणसाच्या वाणीने बोलला.

"महाराज, धम्मिलला घालवू नका. जरा खाली बसा आणि माझा खूर बघा."

राणीच्या हातातले पातेले डुचमळले, पण तिने ते सांडू दिले नाही. राजा मुकाट्याने ओल्या फरशीवर बसला.

"टोकाकडे खूर गुळगुळीत आहे ना? तो माळावरचा. खूर नखासारखा वरून खाली वाढतो. आता बोट वर न्या."

राजाने बोट फिरवले. त्याला उंचवटे लागले, एकावर एक. "ही कसली वळी?"

"हे आपल्या वाढदिवसाचं. हे कौमुदी उत्सवाचं. आणि हे सगळ्यांत वरचं, अजून गरम लागतंय ना, ते देवींच्या माहेरची माणसं आली होती तेव्हाचं. गोडधोड पोटाला झेपलं नाही की माझ्या पायांत आग उतरते, आणि खुरावर असं वळं उठतं. ओल्या फरशीनं खूर मऊ पडले, ते वेगळंच."

राणीच्या डोळ्यांत पाणी आले. "म्हणजे हे मी केलं?"

"देवी, तुम्ही मायेनं दिलंत आणि मी नको म्हटलं नाही. दोष वाटून घेऊ या."

"बरं, आता उपाय सांग," राजा म्हणाला.

"खीर आणि लाडू बंद. वाळलेलं गवत द्या, वर थोडा हिरवा पाला, आणि चाटायला मिठाचा खडा. पायांखाली कोरडा पेंढा घाला. बेचक्यांतली घाण रोज काढा. आग शमली की धम्मिल मला हळूहळू माळावर नेईल. आणि ही वाढलेली टोकं कापून टाका."

"लोखंडानं? मंगलवृषभाला?"

"महाराज, आपली नखं कशानं काढतात?"

राजाने आपल्या बोटांकडे पाहिले आणि त्याला हसू फुटले. पण लगेच तो गंभीर झाला. "धवला, लोखंड लागलं की तू मंगलवृषभ राहणार नाहीस. झूल जाईल, हे अंगण जाईल."

"जाऊ द्या, महाराज. धम्मिल राहू द्या."

राजाने धम्मिलची क्षमा मागितली, नगरीबाहेर त्याला गोठा बांधून दिला आणि धवलला त्याच्या स्वाधीन केले. त्या वर्षी डावीकडचा साधा बैल उजवीकडे जुंपला. लोक कुरकुरले, पण पीक नेहमीसारखेच आले.

राणीला मात्र राहवेना. ती रोज गोठ्यात येई, काडीने धवलचे खूर साफ करी आणि ते करताना राजवाड्यातली सगळी गाऱ्हाणी त्याला सांगे. खीर भरवण्यापेक्षा यात तिचा वेळ जास्त मोडे, आणि ती जास्त खूश दिसे. नवा खूर खाली उतरत गेला, वळी टोकाशी आली आणि कापली गेली. पुढच्या पेरणीला राजा स्वतः गोठ्यात आला आणि म्हणाला, "दंडक मी मोडीत काढला. चल, उजवी बाजू तुझी आहे."

"डावीकडे जुंपणार असाल तर येतो," धवल म्हणाला.

विहारातल्या सभेत ही कथा सांगून शास्ता भगवान म्हणाले, "तेव्हाचा धम्मिल म्हणजे आज आजारी भिक्षूंची शुश्रूषा करणारा हा सुदंत. राजा उदयसेन म्हणजे विहाराला जमीन देणारा हा श्रेष्ठी. राणी खेमावती म्हणजे उपासिका वसुलक्ष्मी, जी आजही तरुण भिक्षू नको नको म्हणत असताना त्यांच्या पात्रात तूप ओतते. आणि धवल बैल म्हणजे मीच."

सभेत खसखस पिकली. वसुलक्ष्मी लाजली आणि हात जोडून म्हणाली, "भगवन्, म्हणजे इतक्या जन्मांत मी काहीच शिकले नाही?"

"शिकलीस की," शास्ता म्हणाले. "तेव्हा खीर देण्याआधी तू कधी काही विचारलं नव्हतंस. आज विचारते आहेस."

खोटे न बोलता नुसते गप्प राहून सुख मिळत असताना, दुसऱ्यावरचा आळ दूर करण्यासाठी जो खरे बोलतो, त्याच्या त्या गुणाला सत्यपारमिता म्हणतात.