दितलीबाईचं गाणं

"म्हणजे माझंच ध्वनिमुद्रण मला ऐकता येणार नाही?"

प्राध्यापक विश्राम ताम्हाणे यांचा आवाज चढला. विद्यापीठाच्या ग्रंथालयात आवाज चढवायची पद्धत नाही. पण नावावर सत्तावीस शोधनिबंध असलेल्या माणसाला नियम जरा सैल असतात, अशी त्यांची समजूत होती.

"नाही," उपासे सर म्हणाले.

उपासे सर इथले जुने ग्रंथपाल. निवृत्त झाले तरी रोज येऊन कोपऱ्यातल्या टेबलाशी बसत. विश्राम विद्यार्थी होता तेव्हा संदर्भ कसा शोधायचा, हे त्याला त्यांनीच शिकवलं होतं.

"तुझं ध्वनिमुद्रण ज्या ऑनलाइन नियतकालिकात आहे, त्याची वर्गणी विद्यापीठानं मार्चमध्ये बंद केली. आता ते उघडत नाही."

"पण सर, गाणं मी मिळवलंय. तीन उन्हाळे सातपुड्यात काढलेत."

"मूळ कॅसेटी?"

"प्रकाशकाकडे. तशी अटच होती."

"वह्या?"

…

वह्या घर बदलताना रद्दीत गेल्या होत्या. निबंध छापून आल्यावर वह्या कोण सांभाळत बसतो?

"हक्क सोपवल्याचा फॉर्म वाचला होतास?"

"तो कोण वाचतं सर? सगळेच सही करतात."

सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"प्रकाशकाला कळवलंस?"

"परवानगीला सहा आठवडे लागतील म्हणाले."

"आणि हिला कधी हवंय?"

समोरच्या खुर्चीच्या कडेवर एक मुलगी बसली होती. रायली. ज्या म्हातारीनं ते गाणं गायलं होतं, त्या दितलीबाईची नात. सकाळी एसटीतून उतरून ती विचारत विचारत ताम्हाण्यांपर्यंत पोचली होती. दितलीबाई परवा गेली होती.

"पाचव्या दिवशी गातात," रायली म्हणाली. "म्हणजे येत्या परवाच. गाणं झाल्याशिवाय तिला वाट सापडत नाही."

ताम्हाण्यांना ते उन्हाळे आठवले. म्हातारीनं त्यांना नाचणीची भाकरी करून घातली होती. गाणं घरात म्हणायचं नसतं म्हणून ती त्यांना लांब नदीच्या पात्रात घेऊन गेली होती.

"हे बघ," ते समजुतीच्या सुरात म्हणाले, "माझ्या निबंधात त्याचा पूर्ण इंग्रजी अनुवाद आहे. अर्थ आहे, रचनेचं विश्लेषण आहे. त्याची प्रत माझ्या संगणकात आहे, ती मी तुला आत्ता छापून देतो."

रायलीनं मान हलवली. "कागद नको. मी कागदासाठी नाही आले."

"मग?"

"आमच्यात गाणं एकालाच देतात. देणारा मेला की घेतलेल्यानं येऊन म्हणायचं. दुसऱ्याला शिकवत नाहीत. आजीनं मला नाही दिलं. आईलाही नाही. साहेबाला दिलंय म्हणायची. तुम्हाला न्यायला आलेय मी."



तीन उन्हाळे काढले, आणि ही एवढी एक गोष्ट त्यांनी कुणाला विचारली नव्हती. म्हातारी आपल्याला माहिती देतेय, असंच ते धरून चालले होते.

"मला… मला गाता येत नाही."

"गळा कसाही चालतो," रायली म्हणाली. "शब्द पाहिजेत."

"एक ओळ म्हण, विश्राम," सर म्हणाले.

ताम्हाण्यांनी डोळे मिटले. या गाण्यावर ते सात देशांत बोलले होते. कुठल्या कडव्यात कुठली प्रतिमा येते, हे त्यांना झोपेतून उठवलं तरी सांगता आलं असतं. ते आठवायचा प्रयत्न करत राहिले. आठवत होतं ते सगळं इंग्रजीत होतं.

…

डोळे उघडले तेव्हा रायली त्यांच्या ओठांकडे बघत होती. त्यांना स्वतःची लाज वाटली. आजवर कधी वाटली नव्हती इतकी.

"दुपारी दोनची गाडी आहे," ती म्हणाली.

ताम्हाणे सरांकडे वळले. आवाज आता पार खाली आला होता.

"सर, मी तिथं जाऊन करू काय? माझ्याकडे आहे काय आता?"

उपासे सरांनी टेबलावरचा चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला.

"जाऊन उभा राहा. गाणं कुठं गेलं, ते म्हातारीला तुझ्या तोंडून कळू दे."