पाय रुतेल ते रान

फार जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की पेरणी म्हणजे मुठीने बी फेकणे, एवढेच तेव्हा लोकांना ठाऊक होते.

डोंगराच्या उतारावर एक गाव होते. त्या गावाला आपल्या नांगरटीचा भारी अभिमान. दरवर्षी हस्त नक्षत्राच्या तोंडावर पाटील पंचांना घेऊन अनवाणी शिवारात फिरे. ज्याच्या रानात पाटलाचा पाय घोट्यापर्यंत रुतला, तो खरा शेतकरी. नाही रुतला, तर रान पडीक ठरे आणि दुसऱ्याला दिले जाई. हा नियम कुणी केला, ते कुणालाच सांगता येत नव्हते. जुना होता, म्हणून शहाणा समजला जात होता.

त्या गावात एक बाई राहत असे. नवऱ्यामागे तिने एकटीने रान सांभाळले होते. त्या वर्षी तिचा एक बैल साप चावून मेला. उरला एकटा हरण्या. एका बैलाला नांगर ओढवत नाही. पाटलाच्या गोठ्यात सहा बैल होते, पण पेरणीच्या घाईत आपला बैल देणार कोण? सगळे हळहळले. हळहळीने काही नांगर चालत नाही.

बाई रोज रानात जाऊन बसे. मागल्या ज्वारीची धसकटे तशीच उभी होती. एके दिवशी तिला बांधाजवळ हिरवे ठिपके दिसले. वाकून पाहते तो काय, शेळीच्या खुराने दाणे दाबले गेले होते आणि तेवढ्याच जागी ज्वारी उगवली होती. ना नांगर, ना कुळव. दाण्याला खालची ओल आणि वर मातीचे पांघरूण, एवढे पुरले होते.

ती तडक सुताराकडे गेली. "दादा, मला शेळीचा खूर करून द्या."

सुतार हसला. "का? गावात शेळ्या कमी पडल्या होय?"

पण तिने सगळे सांगितले, तसा तो कामाला लागला. त्याने एकट्या बैलाला ओढवेल असा बाभळीचा बारीक फण तासला. फणामागे वेळूची पोकळ नळी बांधली आणि नळीच्या तोंडाशी लाकडी वाटी बसवली. फणाने चीर पाडायची, बाईने वाटीत दाणे सोडायचे, दाणे थेट ओलीत पडायचे. तीनदा नळी मातीने तुंबली, तीनदा सुताराने ती बदलली. शेवटी हरण्याला हाकत तो पुढे आणि दाणे सोडत बाई मागे, असे धसकटांमधूनच सगळे रान पेरून झाले.

पाहणीच्या दिवशी पाटलाचा पाय तिच्या रानात रुतला नाहीच. वर तळव्यात धसकट टोचले. पंच खो खो हसले.

"बाई, हे रान पडीक," पाटील म्हणाला.

"पेरलंय, पाटील."

"नांगरल्याशिवाय? आणि उगवलं नाही तर?"

"मग घ्या रान. पण उगवेपर्यंत तरी थांबा." त्या रानाखेरीज तिला जगात काही नव्हते.

पाटील दुष्ट नव्हता, सवयीचा गुलाम होता एवढेच. "नियम काही मी केला नाही, बाई. पण हस्त सरेपर्यंत थांबतो."

त्या वर्षी हस्ताचा पाऊस असा कोसळला, की गावातल्या भिंती पडल्या. पाऊस उघडल्यावर पाटील पंचांना घेऊन निघाला. वाटेतल्या नांगरलेल्या रानांत घळी पडल्या होत्या. वरची भुसभुशीत माती बियांसकट वाहून गेली होती. पाटलाचे रानही त्यातून सुटले नव्हते.

बाईच्या रानात मात्र धसकटांनी माती धरून ठेवली होती. त्यांच्या मधून कोंबांच्या पोपटी ओळी निघाल्या होत्या. नळी तुंबली होती तिथे ओळी तुटल्या होत्या खऱ्या, पण पीक उभे होते.

पाटलाने पाय ठेवला. जेमतेम बोटे बुडाली. "नियम तो नियम," एक पंच पुटपुटला.

"मग चला ओढ्यावर," बाई म्हणाली. "तिथंही पाय ठेवून बघा."

पाटील ओढ्यात उतरला आणि गुडघ्यापर्यंत रुतला. त्याने मूठभर गाळ उचलला. गाळात ज्वारीचे फुगलेले दाणे होते.

"पाटील, तुमच्या नियमानं हा ओढाच गावातला मोठा शेतकरी," बाई म्हणाली. "सगळ्यांचं रान यात आलंय. माझं तेवढं नाही."

आता कुणी हसले नाही. पाटील त्या दाण्यांकडे बघत राहिला. त्याला लाज वाटली.

"रान तुझंच, बाई," तो हळूच म्हणाला. "ते अवजार मला उद्या मिळेल का?"

"मिळेल. हरण्याही मिळेल. पेरणीच्या घाईत बैल द्यायचा असतो, पाटील."

गावाने त्या अवजाराने पुन्हा पेरले आणि पोटापुरते पिकले. पुढल्या वर्षापासून पाटील शिवारात अनवाणी फिरेनासा झाला. पाऊस पडून गेला की तो ओढ्यावर जाई आणि ओंजळीत पाणी घेऊन बघे. पाणी नितळ असले, की समाधानाने घरी परते.

तात्पर्य: जमीन किती उलथली यावरून नव्हे, किती राखली यावरून शेतकरी ओळखावा.