मान वाकवणारा पाना

हत्यारं बोलायची, तेव्हाची ही गोष्ट. इस्माईल मेस्त्रींच्या पेटीत एक लांब रॅचेट पाना होता अन् एक आखूड, मान वाकणारा. लांब्या रोज टोमणा मारायचा, "अरे वाकड्या, मान ताठ ठेवायला शीक की!"

एकदा गॅरेजसमोरच एक जीप थांबली, ती पुन्हा सुरूच होईना. आत तापलेलं बाळ घेऊन आई बसलेली. "मेस्त्री, लवकर करा हो, दवाखाना गाठायचाय."

इंजिनमागच्या सांदीत स्टार्टरचा नट ढिला झाला होता. मेस्त्रींनी सवयीनं लांब्याला घातलं, पण त्याला फिरायलाच जागा नव्हती. मग त्यांनी आखूड्याला घेतलं. त्यानं मान वाकवली, आत शिरला आणि कटकट करत नट आवळला.

जीप सुरू झाली. आई बाळाला घेऊन दवाखान्याकडं निघाली.

पेटीत लांब्या हळूच म्हणाला, "दादा, इकडं ये, नीट बस. मी सरकतो."