डोलीतला भोई

फार जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की त्या राज्याचं नाव सांगणारंही आज कोणी उरलेलं नाही. तिथे एका घाटाच्या पायथ्याशी डोली वाहणारे भोई राहत. वाटसरूला डोलीत बसवायचं, घाट चढायचा, वरच्या वेशीवर डोली परमुलखातल्या भोयांच्या खांद्यावर द्यायची आणि मागे फिरायचं, असा त्यांचा नेम. वेशीपलीकडे त्यांच्यातल्या कोणीच पाऊल टाकलं नव्हतं.

या भोयांची एक रीत होती. डोलीत बसलेल्याने बोलायचं नाही आणि वाहणाऱ्याने त्याला काही विचारायचं नाही. बोलण्याकडे ध्यान गेलं की पाऊल चुकतं, आणि घाटात पाऊल चुकलं की काय होतं ते सांगायला नको. तोंड उघडायचा हक्क एकट्या पुढच्या भोयाला. "खड्डा आला", "वळण आलं" एवढंच तो म्हणे आणि मागचा त्याप्रमाणे चाले.

सटवाजी हा असा पुढचा भोई होता. वीस वर्षं त्याने डोल्या घाटावर चढवल्या. पलीकडच्या मुलखात समुद्र आहे आणि तिथे रस्ता संपतो, असं त्याने पायथ्याशी थांबलेल्या वाटसरूंकडून ऐकलं होतं. तो सोबत्यांना म्हणे, "सगळा जन्म रस्ते तुडवण्यात गेला. रस्ता संपतो कसा, ते एकदा डोळ्यांनी बघायचंय." सोबती हसत, पण ते त्यांनी मनात ठेवलं होतं.

मग एके वर्षी घाटात दरड कोसळली. वैद्याने सटवाजीचा जीव वाचवला, पाय मात्र गुडघ्यापासून गेले.

लिंबा, हैबती आणि मेसू हे त्याचे तीन भोई मित्र. एके सकाळी तिघं त्याच्या दारात डोली घेऊन उभे राहिले.

"बस. समुद्र बघायला जायचंय," लिंबा म्हणाला.

"अरे, परका मुलूख तो. मला घेऊन कुठं हिंडता?"

"तुला नाही तर कुणाला नेणार? बस गुमान."

सोळा दिवस ते चालले. दोघांच्या खांद्यावर डोली आणि तिसरा विसाव्याला, असं पाळीपाळीने. नदी लागली की तिघं मिळून डोली डोक्यावर धरत. सटवाजीला हिसके लागू नयेत म्हणून आपल्या घोंगड्या त्याच्याखाली घालून ते स्वतः उघड्या जमिनीवर निजत. परमुलखातल्या चौकीवर शिपायाने विचारलं, "या पांगळ्याला कशाला आणलंत?" तेव्हा हैबती म्हणाला, "तोंड सांभाळून बोला. हा आमचा पुढचा भोई आहे." असे मित्र मिळायला भाग्य लागतं. तेव्हा त्यांच्या मायेत खोट होती असं कोणी समजू नये.

सोळाव्या दिवशी दुपारी ते एका कड्यावर पोचले. समोर केवड्याचं दाट बन होतं आणि बनातून चारशे पायऱ्या खाली समुद्राकडे उतरत होत्या. मित्रांनी सटवाजीकडे पाहिलं. हिसक्यांनी त्याचा चेहरा पार उतरला होता. सटवाजीने मित्रांकडे पाहिलं. त्यांचे खांदे सोलवटले होते आणि सदरे कातडीला चिकटले होते.

लिंबा म्हणाला, "तू इथं सावलीत पड जरा. आम्ही खाली जाऊन येतो. तुला पाणी घेऊन येतो."

सटवाजी म्हणाला, "बरं."

वीस वर्षांची इच्छा, सोळा दिवसांची वाट, आणि तोंडातून निघालं काय, तर बरं. मला अजून त्याचा राग येतो. पण डोलीत बसलेल्याने मागायचं नाही हे त्याच्या हाडात मुरलेलं होतं आणि वाहणाऱ्याने विचारायचं नाही हे त्या तिघांच्या.

तिथे एक बाई शहाळी विकत बसली होती. ती म्हणाली, "तुम्ही नाही उतरलात?"

"मी इथूनच बघतो," सटवाजी म्हणाला.

"इथून बनापलीकडचं काही दिसत नाही हो."

"ऐकू येतंय की," तो म्हणाला आणि त्याने मान फिरवली.

मित्र गुडघाभर भिजून, हसत वर आले. त्यांनी लोटा पुढे केला. सटवाजीने बोट बुडवून जिभेला लावलं आणि "खारट आहे रे," म्हणून तोही हसला. मित्रांना धन्य वाटलं. सगळे घरी परतले.

दोन वर्षांनी दोन राजांचं बिनसलं आणि वरची वेस दगडांनी चिणून टाकली गेली. त्या संध्याकाळी चौघं पारावर बसले होते. मेसू म्हणाला, "आपण वेळेवर जाऊन आलो म्हणून बरं. सटवाने समुद्र तरी पाहिला."

"मी कुठं पाहिला?" सटवाजी म्हणाला. "मी केवड्याचं बन पाहिलं."

लिंबा त्याच्याकडे वळला. "मग बोलला का नाहीस?"

"तुमचे खांदे फाटले होते. वर आणखी चारशे पायऱ्या कुठल्या तोंडानं मागू?"

"अरे, आम्हाला वाटलं तू गळून गेलायस. तुला आणखी त्रास नको म्हणून वर ठेवला. आमच्या अंगात ताकद होती, सटवा. पाठीवर घेऊन उतरलो असतो."

हैबती तोंड झाकून रडला.

दुसऱ्या दिवशी तिघांनी सटवाजीला डोलीत घातलं आणि ते घाट चढून गेले. चिणलेल्या वेशीपाशी त्यांनी पहारेकऱ्यांच्या हातापाया पडून पाहिलं. पहारेकरी वाईट माणसं नव्हती, पण त्यांच्या हातात काही नव्हतं. चौघं दिवेलागणीला परत आले. ती वेस त्यांच्या हयातीत उघडली नाही, आणि सटवाजीने समुद्र पाहिला नाही तो नाहीच.

तात्पर्य: ज्याच्यासाठी झिजता त्याला काय हवं ते विचारा, आणि जे आपल्यासाठी झिजतात त्यांच्यापाशी मोकळेपणाने मागा. मायेपोटी गप्प राहिलं तरी गेलेली वेळ परत येत नाही.