सायकलीवर धरलेली छत्री

एकदा एक म्हातारा भर उन्हात आठ किलोमीटर सायकल हातात धरून चालत गेला. सायकल पंक्चर नव्हती, चेन जागेवर होती. दुसऱ्या हातात उघडी छत्री होती, ती त्याने स्वतःवर न धरता सायकलीच्या सीटवर धरली होती. मागून त्याचा शिष्य मान खाली घालून चालला होता. ती मान खाली का गेली, त्याची ही कथा.

म्हाताऱ्याला पंचक्रोशी आबा म्हणे. बांधावरून वा विहिरीवरून भाऊ-भाऊ भांडले की आबांना निवाड्यासाठी बोलावणे येई. सायकलीची सीट चामड्याची, चाळीस वर्षांची. तिच्यावर बसून आबांनी एकदा बिबट्याला मागे टाकले, असे सांगतात. बिबट्या मी पाहिलेला नाही. पण सीट पाहिली आहे, आणि तिच्याकडे बघून बिबट्या खरा वाटतो.

शिष्य बत्तीस वर्षांचा, लग्न झालेला. निवाडा कसा करावा हे शिकण्यासाठी तो आबांजवळ राहिला होता. सायकल सांभाळणे त्याच्याकडे, आणि आभाळ भरून आले की सीटवर प्लास्टिकची पिशवी बांधणे हेही त्याच्याकडेच.

एका संध्याकाळी तो चहाच्या टपरीवर बसला असता ऐकणारे चांगले मिळाले. बोलता बोलता तो म्हणून गेला, "आबा आता थकले. निवाडा मीच देतो, ते नुसती मान हलवतात." तेवढ्यात पाऊस आला. सायकल उघड्यावर होती. पण उठावे तर रंगलेली बैठक मोडते, म्हणून तो उठला नाही. तासाभराने बाहेर येऊन पाहतो तर सीट मळलेल्या कणकेसारखी मऊ. त्याने घाईघाईने तिच्यावर पिशवी चढवली, घट्ट गाठ मारली आणि सायकल आबांच्या पडवीत नेऊन लावली.

सकाळी आबांनी गाठ सोडली. सीटमधून पाणी टपटपले.

"पिशवी वेळेवर बांधली होतीस ना?"

"हो आबा. भोक असेल पिशवीला."

आबांनी पिशवीत तांब्याभर पाणी ओतले आणि ती उंच धरली. थेंबही गळला नाही. ते पाणी त्यांनी भोपळ्याच्या वेलाला घातले, सीट कोरड्या फडक्याने टिपली, आणि एका हाताने सायकल धरून, दुसऱ्या हाताने सीटवर छत्री उघडून आठ किलोमीटरवरच्या निवाड्याला चालत निघाले.

वाटेत लोक विचारत, "काय आबा, सायकलीला बरं नाही का?"

"हो ना. ऊन सोसत नाही तिला."

लोक हसत. शिष्याचे कान तापत. चौऱ्याहत्तर वर्षांचे ते गुडघे पुढे चालत आणि त्यांचे प्रत्येक पाऊल आपल्याच खाती मांडले जातेय असे त्याला वाटे.

"आबा, छत्री तरी माझ्याकडे द्या."

"राहू दे."

असे तीन दिवस गेले. आबा शिकवीत होते, शेजारी बसवून जेवू घालीत होते, पण सीटविषयी अवाक्षर नाही. आता हे आपल्याला घरी पाठवणार, ही भीती शिष्याला पोखरू लागली. तिसऱ्या संध्याकाळी तो म्हणाला, "आबा, रागवा तरी. नाहीतर जा म्हणा."

आबांनी सीटवर अंगठा दाबून पाहिला. "अजून ओल आहे," एवढेच ते बोलले.

चौथ्या सकाळी सीट वाळून घट्ट झाली होती. आबा मेण आणि तेल घेऊन बसले; आधी खालच्या बाजूने चोळले, मग वरून हलकेसे. शिष्य समोर येऊन बसला आणि न विचारता सारे सांगून मोकळा झाला. टपरीवर केलेली बढाईसुद्धा त्याने सोडली नाही.

आबा म्हणाले, "ओल्या चामड्यावर बसलं की बसणाऱ्याचा खड्डा त्यात कायमचा राहतो. उन्हात टाकलं तर ते तडकतं, चुलीपाशी नेलंस तर लाकूड होतं. आणि भिजल्यावर पिशवीत कोंबलं तर आतल्या आत कुजतं. सायकल घरी ठेवली असती, तर लाजेपायी तू ती चुलीपाशीच नेली असतीस. त्या सकाळी तूही भिजलेला होतास. मी तेव्हा बोललो असतो, तर तू आणखी चार वेळा खोटं बोलला असतास आणि माझे शब्द तुझ्यात खड्डा करून बसले असते. सावलीत वाळायला वेळ लागतो. आता वाळलास. बस नीट, मला बोलायचं आहे."

आणि आबा बोलले. इतके बोलले की समोरच्या म्हशींनीही रवंथ थांबवले. शेवटी म्हणाले, "आता त्याच टपरीवर जा. सायकल घेऊन जा. काम झालं की परत ये, उद्या एका विहिरीचा निवाडा आहे."

शिष्य गेला. त्याच माणसांसमोर उभा राहून म्हणाला, "निवाडे आबांचेच असतात. मी खोटं बोललो होतो."

टपरीवाल्याने चहा गाळता गाळता वर पाहिले. "ते आम्हाला तेव्हाच कळलं होतं. तू रंगात आला होतास, म्हणून बोललो नाही."

त्याचे कान पुन्हा तापले. या लोकांनीही आपल्याला वेळ दिला होता, हे त्याला आत्ता समजले. तो बाकावर बसला आणि समोर ठेवलेला चहा हळूहळू प्यायला.

घरी कुणी चूक करून ओलेचिंब परतले असेल, तर बोलायचे ते जरूर बोलावे. पण आधी त्याला वाळू द्यावे.