गिरजाईचा देव

अचलनाथ महाराज त्या वर्षी मोहटगावी केशवराजाच्या देवळात उतरले होते. उत्सवाच्या सकाळी देवापुढे पद म्हणायचा मान त्यांनी गिरजाई साळणीला दिला आणि गावातल्या शहाण्यांच्या पोटात दुखू लागलं. गिरजाई मागावर बसून पदं रचायची. अक्षरओळख नव्हती.

देवळाचे पुजारी सोमनाथशास्त्री भर मंडपात आडवे आले. "काय गं, तुझ्या पदात उपमा कुठली, रूपक कुठलं? सांग, मग तोंड उघड. नाहीतर जा, मागावर धोटा फेकत बस!"

मंडप खदखदून हसला. हसणाऱ्यांतल्या निम्म्यांना तरी ते कुठं ठाऊक होतं!

"नावं नाही येत, शास्त्रीबाबा," गिरजाई म्हणाली. "पण पद म्हटल्याबिगर मी हलणार नाही."

महाराज म्हणाले, "शास्त्रीबुवा, या इथं बसलेल्या तुमच्या मातोश्री जन्मांध. देवाचं रूप त्यांना सांगा. ज्याचं सांगणं त्यांना पोचेल, तो गाईल."

शास्त्री सरसावले. "आई, मुख चंद्रासारखं, नेत्र कमळासारखे."

"सोम्या, चाळीस वर्षं हेच सांगतोस," म्हातारी म्हणाली. "मी ना चंद्र पाहिला, ना कमळ. काय समजू?"

गिरजाई म्हातारीजवळ बसली, तिचा हात धरला. 'केशवराजा, मी सांगते. पुढचं तू बघ.'

"काकू, उन्हात वाळलेली सुताची लड सांजेला गालाला लावा. ऊन गेलेलं असतं, ऊब असते. तसं त्याचं हसू."

"आणि हात?"

"तसेबिसे नाहीत. तुमच्या पाठीवरनं फिरलेला आईचा हात, तोच देवाचा हात."

म्हातारी ओरडली. "दिसला! अगं, दिसला गं! सोम्या, देवाच्या हनुवटीचा टवका उडालाय रे, डाव्या अंगाला! कधी बोलला नाहीस?"

शास्त्री पांढरेफटक पडले. तो टवका रोज पहाटे ते एकटेच चंदनानं बुजवत. दुसऱ्या कुणालाच ठाऊक नव्हता, गिरजाईलाही नाही!

महाराज म्हणाले, "'तसं' म्हणाली, ती उपमा. 'तोच' म्हणाली, ते रूपक. नावं तुमची बरोबर आहेत, शास्त्रीबुवा. पण ऐकणाऱ्याला ठाऊक आहे तिथून हात धरून न्यायचं असतं. तुम्ही आईला चाळीस वर्षं उंबऱ्यातच उभं ठेवलंत!"

शास्त्र्यांनी पागोटं उतरवलं. गिरजाई मागं सरली, तरी त्यांनी तिच्या पायांपुढे डोकं टेकवलं.

"म्हणा, गिरजाबाई. आई खोळंबलीय."