रिकाम्या घरांची पेठ

ज्या काळी माणसं पायी चालत गाव गाठत आणि राजाचा शब्द दवंडीने कळत असे, त्या काळची ही गोष्ट. लहानांनी ऐकावी, मोठ्यांनी जरा अधिक लक्ष देऊन ऐकावी.

डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं. तिथे मानाजी नावाचा विणकर राहत असे. घरात बायको सोयरा, लेक चिमा आणि अजून रांगणारा लिंबा. पलीकडच्या घरात थोरला भाऊ बहिर्जी, तोही विणकर. हाताला काम होतं, ताटात भाकरी होती. पण मानाजीच्या मागावरून असं वस्त्र उतरे की पाहणाऱ्याला हात लावायचा मोह व्हावा. ते नेसणार कोण, तर शेतात राबणाऱ्या बायाबापड्या. "माझी कला इथं चिखलात जातेय," असं तो म्हणे, आणि त्यात काही खोटं नव्हतं.

एका हिवाळ्यात नदीकाठच्या राजनगरातून दवंडीवाला आला.

"ऐका हो ऐका! विणकर, तांबट, सुतार, कुंभार, सगळ्यांनी ऐका! राजाची नवी पेठ तुमची वाट पाहतेय. येईल त्याला बांधलेलं घर फुकट, आणि राजवाड्याचं काम बारा महिने!"

मानाजी दुसऱ्याच दिवशी नगर बघायला गेला. परत आला तो वेगळाच माणूस होऊन. डोळ्यांत नगरातल्या दिव्यांचा उजेड अजून होता.

"दादा, काय सांगू!" तो बहिर्जीला म्हणाला. "दगडी रस्ते, कारंजी, रेशमाचा बाजार! नवी पेठ कोटाबाहेर आहे, नदीला लागून. ओळीनं घरं बांधलीत. कुठलंही घे म्हणाले."

बहिर्जी सूत उकलत होता. तो म्हणाला, "छान आहे. पण तू गेलास ते कोरड्या दिवसांत. पावसात ती पेठ कशी असते?"

"ते मी कसं सांगू?"

"म्हणून तर म्हणतो, तू एकटा जा. वर्षभर राहा. तिथला उन्हाळा बघ, पावसाळा बघ. बरं वाटलं तर मग पोरांना ने. तोवर मी आहे इथं."

"वर्षभरात घरं संपतील, दादा."

सोयरा चुलीपाशी बसून ऐकत होती. ती म्हणाली, "अहो, भाऊजी काय वाईट सांगत नाहीत. बांधलेली घरं ओळीनं रिकामी का पडलीत, एवढं तरी विचारून यायचं."

मानाजी हसला. "तुम्हा दोघांना सोन्याचा गडू दिला, तरी आधी बुडाला भोक शोधाल!"

संक्रांत झाली आणि त्याने बैलगाडीत माग चढवला.

सुरुवातीचे महिने खरोखर सुखाचे गेले. हे सांगायलाच हवं, नाहीतर मानाजी मूर्ख होता असं तुम्हाला वाटेल. घर चांगलं होतं. काम भरपूर होतं. राजवाड्यातल्या बायका त्याच्या वस्त्राची घडी उलगडताच बोलायच्या थांबत. चिमाला पायात वाळे आले. मानाजी सकाळी मागावर बसताना गुणगुणायला लागला. गावात तो कधी गुणगुणत नसे.

एके दिवशी सोयरा भिंत सारवत होती. कोनाड्याच्या आत, मागच्या बाजूला, तिच्या हाताला काही लागलं. तिने माती उकरली. आत चांदीचे छोटे टाक होते. कुणाचे तरी कुळातले देव आणि वाडवडील, ओळीने ठेवलेले, कुंकू वाळून काळं पडलेलं.

सोयरा ते पदरात घेऊन शेजारच्या गिरजा तेलिणीकडे गेली.

"गिरजाबाई, माणसं घर सोडताना चूल विसरतील, जातं टाकून जातील. देवाचे टाक कोण मागं सोडतं?"

गिरजा तीळ पाखडत होती. तिचं सूप थांबलं. "गेली ती माणसं," ती म्हणाली.

"कुठं गेली?"

"गेली गं."

"गिरजाबाई, माझ्या घरात रांगतं लेकरू आहे. खरं सांगा."

गिरजाने सूप बाजूला ठेवलं. मग खालच्या आवाजात म्हणाली, "पाऊस ओसरला की पाणथळीतून ताप येतो. कुणाला धरतो, कुणाला सोडतो. मला दोनदा सोडलं."

"मग आल्या दिवशीच का नाही सांगितलं?"

"सांगितलं असतं तर तू राहिली असतीस? शेजारच्या घरात संध्याकाळी दिवा दिसला की मला बरं वाटतं, बाई. दुसरं काही कारण नाही."

सोयरा घरी आली. मानाजी मागावर होता. दसऱ्याला राणीच्या खांद्यावर यायचा शेला विणायचं काम त्याच्याकडे आलं होतं. जरीचे मोर नुकते अर्धे उमटले होते.

"आपण गावी जाऊ," ती म्हणाली. "आजच जाऊ."

तिने सगळं सांगितलं. टाक समोर ठेवले. मानाजीने त्यांच्याकडे पाहिलं आणि नजर वळवली.

"ताप कुठल्या गावाला येत नाही? तुझा भाऊ गावातच तापानं गेला ना?"

"गेला. पण तुम्ही एकदा विचारून तर या."

"कुणाला विचारू?"

"कुणालाही विचारा. कोटाच्या दारावरच्या पहारेकऱ्याला विचारा. वैद्याला विचारा. माझ्या शब्दावर नका जाऊ, पण विचारा."

मानाजी उद्या जातो म्हणाला. उद्या शेल्याचा काठ लावायचा होता. परवा जरीची तार संपली म्हणून बाजारात जावं लागलं. तो कोटाच्या दारावरून रोज जात होता, पहारेकऱ्याला रामराम घालत होता आणि पुढे निघून जात होता. विचारायला वेळ नव्हता असं नाही. उत्तर मिळालं तर शेला अर्धाच राहील, ही त्याला भीती होती.

पाऊस आला, नदी फुगली, पाणी पेठेच्या उंबऱ्यांना लागलं आणि मागे सरलं. मागे हिरवट डबकी राहिली. भाद्रपदात गिरजाच्या घरचा दिवा लागला नाही. मग समोरच्या तांबटाची ठोकठोक बंद पडली. मग लिंबा कण्हू लागला.

मानाजी भर दुपारी कोटाच्या दाराशी धावला. दार बंद होतं. त्याने दोन्ही हातांनी ते बडवलं.

"वैद्य हवाय! लेकरू तापलंय माझं!"

वरून पहारेकऱ्याने डोकावलं. "दार उघडणार नाही. ताप ओसरला की उघडेल. दरवर्षी असंच असतं."

"दरवर्षी?"

"हो. कोटातल्यांना बाधू नये म्हणून." पहारेकरी वाईट माणूस नव्हता. मानाजीला तो ओळखत होता. "विणकरदादा, तुम्हाला कुणी सांगितलं नव्हतं का हो?"

मानाजीचे हात दारावरून खाली आले.

"मी विचारलं नव्हतं," तो म्हणाला.

लिंबा गेला. त्याला माती दिली तेव्हा सोयरा स्वतः उभी राहू शकत नव्हती. अंथरुणावरून तिने मानाजीला एकदाही बोल लावला नाही. त्याने बोल लाव म्हणून विनवलं, तरी नाही. "चिमाला घेऊन निघा," एवढंच ती म्हणत राहिली. ती जिवंत असेपर्यंत तो निघाला नाही, आणि त्यानंतर निघायला फार वेळ लागला नाही.

चिमाला पाठुंगळी घेऊन तो उंबऱ्याबाहेर आला, तेव्हा दारात चुन्याच्या बादल्या घेऊन राजाची माणसं उभी होती. घर पांढरं करायला आली होती. त्यांनी अदबीने बाजूला होऊन त्याला वाट दिली. शेला मागावरच राहिला. मोर पूर्ण झाले होते.

गावाच्या वेशीवर बहिर्जीने त्याला पाहिलं. पाठीवरची चिमा पाहिली, मागचा रिकामा रस्ता पाहिला. "मी सांगत होतो," असं तो म्हणाला नाही. त्याने पोरीला आपल्या खांद्यावर घेतलं आणि घरी नेलं.

मानाजीने पुन्हा कधी जरीची तार हातात धरली नाही. जाडीभरडी घोंगडी विणत राहिला. बोलणंही जवळजवळ संपलं. वर्षं गेली, चिमा मोठी झाली, लग्न होऊन शेजारच्या गावात नांदू लागली.

मग बहिर्जीच्या धाकट्या लेकीला, तुळसाला, स्थळ आलं. दूरच्या एका नगरातलं, खाणीकाठचं. मुलगा देखणा होता. मुलाच्या बापाने गळ्यातली कंठी पुढे काढून नगराचं वर्णन चालवलं. पक्की घरं, भरलेले बाजार, देवळावर सोन्याचा कळस. घरातली माणसं खूश झाली. सुपारी फुटायची तेवढी उरली होती.

कोपऱ्यात बसलेला मानाजी कधी नव्हे तो बोलला.

"पाहुणं, एक विचारू? तुमच्या पेठेत म्हातारी माणसं किती आहेत?"

सगळे चमकले. बहिर्जीसुद्धा वळून बघू लागला.

"मी एका पेठेत राहिलो होतो," मानाजी म्हणाला. "तिथं मला एकही पिकल्या केसांचं माणूस दिसलं नव्हतं. सगळ्यांचे हात तरणे, कामाचे. मला वाटलं, काय उत्साहाची पेठ आहे! त्याचा अर्थ कळला तेव्हा माझ्या घरात दोन माणसं कमी झाली होती. म्हणून विचारतो."

 मुलाच्या बापाने पोराकडे पाहिलं, मग तुळसाकडे पाहिलं. ती दाराआड उभी होती. कंठी त्याने नकळत अंगरख्यात सारली.

"मी चाळिशीचा आहे," तो हळू आवाजात म्हणाला. "खाणीची धूळ छातीत बसते. आमच्या पेठेत माझ्याहून मोठं कुणी नाही."

 पाहुण्यांना जेवू घातलं, वाटेला लावलं. सुपारी फुटली नाही.

बोलावणारा नगराचं देणं सांगतो. नगराचं घेणं आपणच विचारावं लागतं, आणि ते उंबरा ओलांडण्याआधी.